गोसाव्याचं खोडरबर

बिशप आला तरी गोसावी त्याची पिशवी उघडून बघायचा. येताना एकदा, जाताना एकदा. मी स्वतः पाहिलंय. जांभळ्या शर्टातला तो भला माणूस हसत हसत दारातल्या टेबलावर आपली चामडी बॅग रिकामी करत होता, आणि गोसावी चष्मा कपाळावर चढवून त्याच्या सँडविचच्या दोन फाकांमध्येही डोकावत होता. बिशप गेल्यावर मला म्हणाला, "याच्या आधीच्या एका बिशपनं जुना नकाशा छत्रीत गुंडाळून नेला होता. छत्री परत आली. नकाशा नाही."

गोसावी हे नाव माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ठेवलेलं. माणूस मूळचा इंग्रज पाद्री. लग्न केलेलं नाही, वय चौऱ्याहत्तर, अंगात बाराही महिने तोच कोपरावर ठिगळ लावलेला करडा कोट. आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डपासून अर्ध्या तासावर एका लहान गावात चर्चला लागून जुनं ग्रंथालय होतं, त्याचा तो एकतीस वर्षं ग्रंथपाल. हिब्रू, ग्रीक आणि आणखी दोन मेलेल्या भाषा त्याला येत. एकतीस वर्षांनंतरही गावातले लोक त्याला 'तो इंग्रज' म्हणत. आप्पा त्याला पहिल्या दिवशी बघून म्हणाले, "बायकू न्हाई, पोर न्हाई, पोथ्या राखत बसलाय. गोसावीच की ह्यो." आप्पा त्याच्याबद्दल एकेरीत बोलायचे. मीही तसंच लिहिणार आहे, आणि माझी कारणं वेगळी आहेत.

मी फार बोलणारा माणूस नाही. पंधरा वर्षं इथल्या एका औषधाच्या कारखान्यात कागदपत्रं तपासतो. गोळी बनवणारे वेगळे, गोळी नीट बनली असं लिहून ठेवणारे वेगळे, आणि ते लिहिलेलं खरं आहे का हे बघणारा मी. या कामात माणूस कमी बोलायला शिकतो. पण गोसाव्याशी मी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला थोडंसं माहीत आहे. बाकी आज सांगतो.

ग्रंथालयात शाई चालत नसे. दारातच गोसावी सगळ्यांची पेनं काढून एका बिस्किटाच्या डब्यात टाकायचा आणि हातात एक पेन्सिल द्यायचा. जुन्या कागदावर शाईचा थेंब पडला तर तो कायमचा, म्हणून जगभरच्या अशा ग्रंथालयांत हाच नियम असतो, हे त्यानंच मला समजावलं. त्याची स्वतःची सूचीही पेन्सिलीत होती. जाडजूड सोळा वह्या, मुंगीएवढं अक्षर, आणि कोटाच्या खिशात सुरीनं कापून चौकोनी केलेलं एक खोडरबर. पुस्तक फळीवरून हललं की तो जुनी जागा पुसून नवी लिहायचा. "शाई ज्यांना खात्री असते त्यांच्यासाठी," असं म्हणायचा. "मी पाद्री आहे."

माझ्या धंद्यात याच्या बरोबर उलट. आमच्याकडे कुणाच्या टेबलावर पेन्सिल सापडली तर चौकशी लागते. लिहिलेलं चुकलं तर खोडायचं नाही. वरून एक आडवी रेघ मारायची, शेजारी सही, तारीख, कारण. खालची चूक वाचता आली पाहिजे. पुसलेला आकडा म्हणजे लपवलेला आकडा. हे मी त्याला एकदा सांगितलं.

"म्हणजे तुमच्याकडे कुणाचीच चूक कधी पुसली जात नाही?"

"नाही."

"मग मिस्टर जगदाळे, तुमच्या कारखान्याला माझ्यासारख्या एखाद्याची फार गरज आहे."

आप्पा दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. साताऱ्याला धाकट्या भावाकडे राहायचे. इथे घरात कोंडून घेतलेले, नात त्यांना आयरिश ढंगाच्या इंग्रजीत उत्तरं देणार, टीव्हीवर रोज मेलेल्यांचे आकडे. आप्पा खिडकीत बसून समोरच्या गायी मोजायचे. तेवढ्यात त्या चर्चला जाणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्यानं मला ग्रंथपालानं स्वतः काढलेली एक झेरॉक्स दिली. कुणी आयरिश पाद्री शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोकणातून एक पेटी घेऊन आला होता, आतले कागद गावात कुणाला वाचता येत नव्हते, तुला येतील का? मला येईनात. आप्पांनी चहाचा कप खाली न ठेवताच बघितलं. "आरं, मोडी हाय की ही. कुणीतरी बावर्ची पगार मागतोय."

आप्पा चाळीस वर्षं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात होते. जमिनीचे जुने उतारे मोडीत असायचे, ते वाचून देणं हे त्यांचं काम.

जुलैत ग्रंथालय उघडलं आणि आम्ही दर शनिवारी जायला लागलो. मास्क लावून एका लांब टेबलाच्या दोन टोकांना दोन म्हातारे, मध्ये दुभाषा मी. आप्पा एकेक पत्र वाचायचे आणि पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर ते देवनागरीत उतरवून पत्राशेजारी ठेवायचे. त्यांचं अक्षर गोल, कचेरीतलं, प्रत्येक ओळ जणू पट्टी लावून लिहिलेली. फोटो काढायला गोसाव्याची सक्त मनाई होती, फोन दारातल्या डब्यात पेनांच्या शेजारी. दुसऱ्या शनिवारी गोसावी म्हणाला, "मलाही शिकवा." आणि हा हिब्रू वाचणारा माणूस शाळकरी पोरासारखा आप्पांच्या समोर वही घेऊन बसला. आप्पा त्याचा हात धरून शिकवायचे. "हात उचलायचा न्हाई, गोसावीबुवा. उचलला की मोडलं." मी भाषांतर करायचो. तो मान डोलवायचा. ऑगस्ट संपेपर्यंत त्याला 'पाणी' आणि 'रजा' ओळखता यायला लागलं होतं.

हे दोन शब्द ज्या पत्रात होते ते दोघांचंही लाडकं. पाद्र्याच्या बंगल्यावरच्या माळ्यानं लिहवून घेतलेला अर्ज. लेकीच्या लग्नाला आठ दिवस रजा मिळावी, झाडांना पाणी भाऊ घालील. आप्पांना त्याची फार काळजी. "ह्येला रजा मिळाली का न्हाई त्ये कुटं लिवलंच न्हाई," दर शनिवारी म्हणायचे. गोसावी बाहेरच्या कट्ट्यावर थर्मासमधला चहा ओतता ओतता म्हणायचा, "मिस्टर जगदाळे सीनियरना सांगा, मी असतो तर दिली असती." हे सांगितलं की आप्पा खूश.

तो उन्हाळा मला आजही आवडतो. म्हणूनच पुढचं सांगताना दात आवळले जातात.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी माळ्याचा अर्ज पेटीत नव्हता. गोसाव्यानं पेटी दोनदा बघितली. त्या दिवशी तिथे विश्वस्तांच्या अध्यक्षा, हेझलबाई, गळक्या छपराचं बघायला दोन कामगार घेऊन आल्या होत्या. त्या तिघांच्या देखत गोसावी आप्पांना म्हणाला, "मिस्टर जगदाळे सीनियर, तुमची पिशवी. आणि कृपया खिसेही." पिशवी तर दर वेळी बघायचा. खिसे कधी नाही.

मी भाषांतर केलं नाही. आप्पांना गरज पडली नाही. त्यांनी कापडी पिशवीतली एकेक वस्तू काढून टेबलावर ओळीनं मांडली. चष्म्याचं घर. ब्लडप्रेशरच्या गोळ्या. दोन चपात्यांचा डबा. पंचा. मग कोटाचे खिसे उलटे केले, मग सदऱ्याचा. गोसाव्यानं डबाही उघडला. त्या कामगारांपैकी एकानं मान वळवली, एवढं मला आठवतं. काही मिळालं नाही. गोसाव्यानं वही काढून आमच्यासमोर नोंद केली: अर्ज गहाळ, शेवटचा हाताळणारा जगदाळे सीनियर.

गाडी पुलावर आली तेव्हा आप्पा म्हणाले, "चाळीस वर्सं निम्म्या तालुक्याची जमीन माझ्या कपाटात व्हती. एक उतारा इकडचा तिकडं झाला न्हाई." त्यानंतर ग्रंथालयाचं नाव त्यांनी काढलं नाही. महिनाअखेरीस सरकारनं सोडलेल्या विमानात जागा मिळाली आणि ते गेले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गोसाव्याचा फोन आला. आवाजात चक्क आनंद.

"सापडला! माझ्या प्रवचनांच्या फायलीत होता. विश्रांतीवर बोलायचं होतं, म्हणून माळ्याचा अर्ज मीच नेला होता. वाचूनही दाखवला, आणि विसरलो."

म्हणजे जे बिशपला करू दिलं नाही ते त्यानं स्वतः केलं होतं. त्याची प्रवचनं घड्याळ लावून अकरा मिनिटांची असत, ऐकायला आठ-नऊ माणसं. त्या अकरा मिनिटांसाठी.

"वडिलांना निश्चिंत राहायला सांगा," तो म्हणाला. "ती नोंद मी पुसून टाकली आहे. पूर्ण. कागदावर वळसुद्धा नाही."

त्याच्या लेखी हे फार मोठं होतं, हे मला तेव्हाही कळलं. पुसणं म्हणजे त्याच्याकडची क्षमा. पण माझ्या लेखी त्यानं आप्पांवरचा आळ पुसला नव्हता, स्वतःची चूक पुसली होती. ती नोंद राहायला हवी होती. वरून एक रेघ, शेजारी त्याची सही आणि कारण: मीच नेला होता.

मी म्हणालो, "आप्पांना दोन ओळींचं पत्र लिहा. चूक माझी होती, एवढंच. मी वाचून दाखवीन."

"अवश्य. यथावकाश."

मला बाकी काही नको होतं. एक कागद हवा होता, आप्पांच्या हातात. पुन्हा सगळं बंद झालं. नाताळात फोन केला: यथावकाश. फेब्रुवारीत केला: मनात आहे, योग्य शब्द सापडत नाहीयेत. चार भाषांत शब्द जमवणारा माणूस! इकडे आप्पा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायचे, "आलं का रं गोसाव्याचं पत्र?" मी म्हणायचो, टपाल लांबलंय. मार्चमध्ये म्हणाले, "मोठ्या अक्षरात लिही म्हणावं. चष्मा बदलायचा ऱ्हायलाय."

एप्रिलमध्ये साताऱ्यात इस्पितळात खाट मिळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी आप्पा गेले. भावाला लांबून बघू दिलं. मी इथे स्वयंपाकघरात फोन ओट्यावर उभा करून बसलो होतो, आणि फोनमध्ये फक्त भावाच्या बुटांचं चित्र दिसत होतं.

गोसाव्यानं सांत्वनाचं कार्ड पाठवलं. सुंदर इंग्रजी, सहा ओळी. त्यात तो अर्ज नव्हता, ती पिशवी नव्हती.

मे महिन्यात हेझलबाईंचा फोन आला. छपराला पैसा नव्हता, विमा कंपनी विचारत होती की आत नेमकं काय आहे आणि ते खात्रीनं सांगणाऱ्या नोंदी आहेत का. "तुम्ही कारखान्यात हेच करता ना? एकदा बघून द्याल? फार उपकार होतील. आमचा तो माणूस काय, त्याच्या वह्यांना हात लावू देत नाही कुणाला."

मी हो म्हणालो. लगेच.

चार शनिवार मी त्या सोळा वह्या तपासल्या. गोसावी मला चहा द्यायचा, खुर्ची ओढून द्यायचा. त्याला वाटलं मी मदतीला आलोय. आणि खरं सांगतो, मला ते चार शनिवार आवडले. कारखान्यात मी कुणाचं वाईट चिंतून कधी कागद तपासला नव्हता; तपासण्यात इतकी गोडी असते हे माहीत नव्हतं. पान तिरकं धरलं की पुसलेली जागा चमकते. मी प्रत्येक चमकणाऱ्या जागेची नोंद घेत गेलो.

अहवालातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. 'मूळ नोंदी खोडून नष्ट केलेल्या आढळल्या.' 'बदल कोणी, कधी, का केला याची नोंद नाही.' 'ग्रंथपालानं वस्तू स्वतः बाहेर नेऊन तशी नोंद ठेवलेली नाही.' शेवटी आमच्या धंद्यातला सगळ्यात जड शब्द: गंभीर. एक वाक्य मात्र मी लिहिलं आणि मग गाळलं. ते असं होतं: अशा ग्रंथालयांत पेन्सिल वापरणं आणि जागा बदलल्यावर जुनी नोंद पुसणं ही रुळलेली पद्धत आहे. हे एक वाक्य असतं तर बाकीच्या चौदा पानांचं काही वजन राहिलं नसतं. विश्वस्तांत एक दूधवाला शेतकरी, एक निवृत्त दंतवैद्य, हेझलबाई. त्यांना कोण सांगणार?

पाठवायच्या आधी बायकोनं वाचला. तिला ते वाक्य माहीत नव्हतं, पण मी माहीत होतो. "झालं समाधान?" तिनं विचारलं.

"अजून नाही," मी म्हणालो.

ऑगस्टात विश्वस्तांनी ठरवलं: नोंदी भरवशाच्या नाहीत, ग्रंथालय बंद करायचं, एखादं विद्यापीठ घेईपर्यंत पुस्तकं गोदामात, ग्रंथपालांनी ऑक्टोबरात किल्ली द्यायची. त्या दिवशी मी बाजारातून हापूसचा गर आणला आणि पुऱ्या करायला लावल्या. पोरीनं विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे?

दोन दिवसांनी गोसाव्याचा फोन.

"पेन्सिल का वापरतात ते तुम्हाला माहीत आहे, मिस्टर जगदाळे. मीच सांगितलं होतं."

"हो."

"तुम्ही ते लिहिलं नाही."

"नाही लिहिलं."

"का ते विचारू?"

"आप्पांना पत्र आलं नाही."

तो म्हणाला, "समजलं." आणि ठेवून दिला.

त्यानं हेझलबाईंना एक ओळ लिहिली असती तर माझा अहवाल तिथेच कोसळला असता. त्यानं लिहिली नाही. कितीतरी दिवस मी याचा अर्थ लावत होतो. तो प्रायश्चित्त घेत होता? की माझ्यासारख्याला उत्तर देणं त्याला कमीपणाचं वाटलं? एकतीस वर्षं ज्या खोलीसाठी घालवली ती त्यानं एका फोनवर सोडून दिली, आणि त्याबद्दलही मला त्याचा रागच आला. मला भांडण हवं होतं.

निघायच्या दिवशी मी दारात होतो. माझ्याच अहवालावरून नवा नियम झाला होता: बाहेर जाणारी प्रत्येक पिशवी त्रयस्थ माणसानं तपासायची. त्रयस्थ म्हणून हेझलबाईंनी मला बोलावलं. मी नाही म्हणू शकलो असतो.

गोसाव्याची एकच जुनी कातडी पिशवी होती. मी हात पुढे केला, तर त्यानं मला थांबवलं आणि स्वतः एकेक वस्तू काढून टेबलावर ओळीनं मांडायला लागला. दाढीचं सामान. प्रार्थनेचं पुस्तक. एक मोज्यांची जोडी. आप्पांनी गिरवून दिलेली मोडीची वही. तिथे माझा हात थांबला. ती त्याचीच होती, पैसे देऊन घेतलेली, न्यायला हरकत नव्हती. मी पानं चाळली. शेवटच्या पानावर त्यानं एकट्यानं गिरवलेलं होतं, आप्पा गेल्यानंतरचं, वेडंवाकडं: रजा, रजा, रजा.

मग त्यानं न सांगता कोटाचे खिसे उलटे केले. खोडरबर खाली पडलं. मी उचललं नाही, त्यानंही नाही.

"तुमच्या वडिलांनी हे माझ्यापेक्षा जास्त शांतपणे केलं होतं," तो म्हणाला.

याला माफी म्हणायचं असेल तर हीच. आप्पा जाऊन सहा महिने झाले होते. मला ती पुरली नाही. मी म्हणालो, "ठीक आहे, जाऊ शकता," आणि तो बहिणीच्या गाडीत बसून इंग्लंडला गेला.

डिसेंबरात मेनूथच्या विद्यापीठातून एका संशोधक मुलीचा ईमेल आला. पुण्याची मुलगी. जुन्या नोकरचाकरांच्या अर्जांवर काम करतेय, तुमच्या भागात मोडी कागदांची एक पेटी आहे असं ऐकलं, सोबत कुणीतरी केलेलं देवनागरी वाचनही आहे म्हणे, बघायला मिळेल का?

मी हेझलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळं गोदामात आहे, नऊशेच्या वर खोकी, भरणाऱ्या माणसांनी त्यांचे आकडे घातलेत. वह्यांचं काय? वह्या भरवशाच्या नाहीत म्हणून वेगळ्या पाठवल्या, बहुतेक त्याही एखाद्या खोक्यातच असतील.

तेव्हा मला कळलं मी काय केलंय. कुठली वस्तू कुठे होती हे सांगणारी जगात एकच गोष्ट होती, ती पेन्सिलीची सूची. आणि ती तोंडपाठ असलेला एकच माणूस. दोन्ही मी घालवले. त्या पेटीत आप्पांच्या चिठ्ठ्या होत्या. साताऱ्याच्या घरात त्यांच्या हातचं फार काही उरलेलं नाही, किराण्याच्या याद्या त्यांनी कधी लिहिल्या नाहीत, मला पत्रं पाठवायची वेळ फोनमुळे आलीच नाही. उन्हाळ्याच्या दहा-अकरा शनिवारी त्यांनी जे लिहिलं, तेच. फोटो नाहीत.

तीन दिवस मी गोसाव्याला लिहायचं टाळलं. मग लिहिलं. चार ओळी, माफीची एकही नाही. पेटी कुठे ठेवली होती, एवढंच विचारलं.

नाताळच्या आधी कार्ड आलं. तेच मुंगीएवढं अक्षर.

'तिसरं कपाट, खालची फळी, डावीकडून दुसरी. निदान तुमच्या अहवालापर्यंत तरी.'

खाली सही. ना शुभेच्छा, ना काही. मी ते ओट्याजवळ उभ्यानं वाचलं आणि मोठ्यानं हसलो. बायको बाहेर येऊन बघायला लागली. इतक्या दिवसांनी गोसाव्यानं मला हवं ते भांडण दिलं होतं, आणि ते तो जिंकला होता.

हेझलबाईंकडून परवानगी घेऊन मी आता सुट्टीच्या दिवशी गोदामात जातो. थंडी असते, वर एकच ट्यूबलाइट. खोकं उघडायचं, आतलं सगळं बाहेर काढायचं, बघायचं, जसंच्या तसं परत भरायचं. घाई करून चालत नाही. चिठ्ठ्या पातळ आहेत, कुठल्याही पुस्तकाला चिकटून गेलेल्या असू शकतात. एका दिवसात चार खोकी होतात, फार तर पाच. आत्तापर्यंत शंभरेक झाली. त्यात पेटी नाही.